चौथी किल्ली

आमच्या कॉलेजातल्या शिपाईमामांच्या कमरेला किल्ल्यांचा एक जुडगा लटकतो. चालताना तो खुळखुळतो आणि मामा सध्या कुठल्या मजल्यावर आहेत, हे स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या कळतं. एकदा परीक्षेच्या पर्यवेक्षणाला कंटाळून मी त्या किल्ल्या मोजल्या होत्या. तेहतीस भरल्या. ऑफिस, लायब्ररी, जिमखाना, केमिस्ट्रीची लॅब, झेरॉक्सची खोली, गच्ची. बहुतेकींना दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळून वर बॉलपेननं नावं घातलेली. एका पितळी किल्लीवर 'ले. रू.' एवढीच अक्षरं होती. लेडीज रूम. पितळ हाताळलं नाही की काळं पडतं. ती किल्ली पार काळी पडली होती.

खोली जिन्यालगतच आहे. मुलींना बसायला, डबा खायला, बरं वाटत नसेल तर घटकाभर आडवं व्हायला म्हणून बांधलेली. आत काय होतं, तर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, पाय मोडलेले बाक, गणपतीच्या थर्माकोलच्या मखराचे दोन खांब आणि भिंतीवर टाचा उंचावल्याशिवाय चेहरा दिसणार नाही इतक्या उंचीवर लावलेला आरसा. कॉलेजची तपासणी करणाऱ्या नॅकची समिती येणार असली की गठ्ठे हलायचे, खाटेवर नवी चादर यायची, पडदे लागायचे. समितीच्या मोटारी फाटकाबाहेर पडल्या की गठ्ठे परत आपल्या जागी. मुली तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या पायऱ्यांवर बसून डबा खायच्या. कुणी वर-खाली जायला निघालं की डबे उचलून भिंतीला चिकटायच्या.

या कॉलेजात मी तीस वर्षं मराठी शिकवते आहे. त्यातली निदान वीस वर्षं मीही त्या पायऱ्यांवरून 'सरका गं जरा' म्हणत गेले आहे. बंद दार रोज बघितलं की ते भिंतीसारखं दिसायला लागतं.

माझ्या स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांत, म्हणजे 1980 च्या दशकाच्या अखेरीला, मी पुण्यात एका हॉस्टेलवर राहत होते. आमचं फाटक संध्याकाळी सातला बंद व्हायचं. दारात एक लांबडी वही असायची: नाव, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, कारण. मुलांच्या हॉस्टेललाही फाटक होतं म्हणे, पण त्याच्या शेजारची भिंतच पडलेली असल्यामुळे ते उघडं आहे की बंद, याची कधी कुणी चौकशी केली नाही.

एका वर्षी पुरुषोत्तम करंडकासाठी आमच्या कॉलेजची एकांकिका बसत होती. 1963 पासून चालत आलेली ही स्पर्धा म्हणजे पुण्यातल्या नाटकवेड्या पोरापोरींचा पावसाळ्यातला सणच. (करंडकाच्या नावात पुरुष आहे आणि तो उत्तमही आहे, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नव्हतं.) माझी नायिकेच्या कामासाठी निवड झाली. तालमी संध्याकाळी साडेसहाला सुरू व्हायच्या, कारण मुलांना आधी कट्ट्यावर चहा प्यायचा असे. दोन दिवस मी पहिली पंधरा मिनिटं तालीम करून सायकल दामटत फाटक गाठलं. तिसऱ्या दिवशी लेखक-दिग्दर्शक असलेल्या आमच्या वर्गमित्रानं तोडगा काढला. त्यानं नायिकेला परगावी पाठवून दिलं. आता ती नाटकभर पत्रांतून बोलणार होती आणि ती पत्रं नायक मोठ्यांदा वाचणार होता. तोडगा सगळ्यांना आवडला. मलासुद्धा. इतका, की एका पत्राचा मजकूर मीच लिहून दिला.

भरत नाट्य मंदिरात प्रयोग झाला तो संध्याकाळचा. प्रेक्षागृहात मी मागच्या रांगेत, दाराजवळ बसले होते. नायिकेचं तिसरं पत्र वाचलं जात असताना मी उठले, सायकल काढली आणि हॉस्टेलकडे निघाले. शेवट काय झाला ते दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कळलं. नायकाचं फार कौतुक झालं होतं, विशेषतः पत्रं वाचतानाच्या त्याच्या आवाजाचं.

आज मला राग येतो तो फाटकाचा नाही आणि त्या मुलाचाही नाही. तो चांगला मुलगा होता, आजही आमची मैत्री आहे. मला आश्चर्य वाटतं ते हे, की आम्हां पंधरा-सोळा हुशार पोरांपैकी एकाच्याही डोक्यात 'तालीम साडेतीनला ठेवू या' हे आलं नाही. त्यासाठी विद्यापीठाचा ठराव लागणार नव्हता की रेक्टरबाईंची परवानगी. कट्ट्यावरचा चहा तेवढा तालमीनंतर प्यावा लागला असता. पुढे 2015 साली दिल्लीत विद्यार्थिनींनी हॉस्टेलच्या वेळांविरुद्ध 'पिंजरा तोड' म्हणत मोहीम उघडली, तेव्हा त्या बातम्या वाचताना मला रेक्टरबाई आठवल्या नाहीत. तो चहा आठवला.

मुलींनी कॉलेजात यायचं की नाही, हा प्रश्न आपल्याकडे अटींच्या भाषेतच सुटत आला आहे. 1866 साली नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकणारी पहिली मुलगी. मुंबई विद्यापीठाची ती पहिली स्त्री पदवीधर. परीक्षेत तिनं असा नंबर काढला की इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती तिची व्हायला हवी होती. ती मिळाली नाही, कारण मिळवणारी मुलगी निघाली. मग हितचिंतकांनी पैसे जमवले, ती ऑक्सफर्डला गेली, 1892 साली कायद्याची परीक्षा उतरली, आणि पदवी हातात पडायला 1922 साल उजाडावं लागलं. तीस वर्षं! माझी सबंध नोकरी एवढ्या काळात झाली.

कमला भागवतांची, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींची गोष्ट मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगते, अभ्यासक्रमात असो वा नसो. लेखिका दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकानं पास होऊन 1933 साली तिनं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. संचालकपदी सर सी. व्ही. रामन. त्यांनी प्रवेश नाकारला, कारण अर्जदार मुलगी होती. कमलाबाई बंगळूरला जाऊन थडकल्या आणि त्यांनी सरळ सत्याग्रह आरंभला. शेवटी प्रवेश मिळाला, पण वर्षभर चाचणीवर: संचालकांचं समाधान होईपर्यंत काम ग्राह्य धरलं जाणार नाही आणि त्यांच्या असण्यामुळे प्रयोगशाळेतल्या मुलांचं चित्त विचलित होता कामा नये. ती मुलं एक वर्ष कसल्याच चाचणीवर नव्हती, हे वाक्य मी मुद्दाम हळू बोलते. कमलाबाईंनी पुढे 1939 साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

या गोष्टीवर मुली टाळ्या वाजवतात. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, त्या लॅबमधल्या मुलांनी काय केलं तेव्हा? सर कमलाबाईंना चुकीचं वागवतायत असं एकानं तरी म्हटलं का?" मी इतकी वर्षं ही गोष्ट सांगत होते, हा प्रश्न मला सुचला नव्हता.

आता मुलींची संख्या हा प्रश्न राहिला नाही. उच्च शिक्षणाच्या 2021-22 च्या अखिल भारतीय पाहणीत देशातले एकूण विद्यार्थी 4.33 कोटी होते आणि त्यांत मुली 2.07 कोटी. जवळजवळ निम्म्या. आमच्या वर्गात तर मुलींचे बाक भरून दोन रांगा मुलांच्या बाजूला सरकतात. तरीही संमेलनात पाहुण्यांना ओवाळायला तबक घेऊन मुलीच उभ्या असतात. जी. एस., म्हणजे सगळ्यांचा प्रतिनिधी, मुलगा असतो आणि मुलींसाठी एल. आर. नावाचं वेगळं पद असतं. जणू बाकीचं कॉलेज त्याचं आणि मुली तेवढ्या तिच्या. आठ मार्चला रांगोळी आणि पाककला स्पर्धा होतात, त्यांचं परीक्षण मी अनेकदा केलं आहे. ढोकळे चांगले असतात.

तालुक्याच्या कॉलेजात आल्यावर मला कळलं की फाटक नेहमी लोखंडाचंच असतं असं नाही. इथे ते लाल रंगाचं आहे आणि त्याला चार चाकं आहेत. वाड्यावस्त्यांकडे जाणारी शेवटची एसटी आमच्या स्टँडवरून साडेपाचला सुटायची. प्रात्यक्षिकं साडेपाचलाच संपतात. मुलं कुणाच्या तरी मोटारसायकलवर डबलसीट बसून रात्री आठलाही घरी जाऊ शकतात. मुली पाचलाच दप्तर आवरायला लागायच्या. लायब्ररी, खेळाचा सराव, शंका विचारायला थांबणं, हे सगळं पाचच्या पलीकडे. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याचा आमच्याकडे केवढा आनंद झाला! पण गाडीच नसेल तिथे अर्ध्या तिकिटाचं काय करणार?

ही गाडी बदलली ती एका मुलाच्या स्वार्थातून. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात त्याची जोडीदारीण दर गुरुवारी टायट्रेशन अर्धवट टाकून पळायची आणि ब्युरेटचे आकडे याच्या एकट्याच्या गळ्यात पडायचे. दोन-तीन आठवडे तो चिडला. मग त्यानं तिला विचारलं. मग वर्गातल्या बाकीच्या मुलींना विचारलं. महिनाभर त्यानं वहीच्या मागच्या पानावर नोंद ठेवली: कोण, कुठलं गाव, किती वाजता निघाली, काय बुडलं. त्या नोंदीचा त्यानं अर्ज केला, तीन ग्रामपंचायतींचे ठराव जोडले आणि आगार व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवला. अर्ज मी तपासला होता, त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका होत्या. चार हेलपाट्यांनंतर गाडी सव्वासहाला सुटू लागली. दिवाळीच्या सुटीत ती पुन्हा साडेपाचवर गेली, तेव्हा त्यानं पुन्हा अर्ज केला. या मुलाला मी समता हा शब्द उच्चारताना कधी ऐकलेलं नाही. वक्तृत्व स्पर्धेत 'स्त्री-पुरुष समानता' या विषयावर पहिलं बक्षीस घेणारा त्याच्याच वर्गात होता. त्या मुलाला शेवटची गाडी कधी सुटते ते ठाऊक नव्हतं.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी ही योजना सुरू झाली. 'मी नव्हे, तू' अशा अर्थाचं तिचं ब्रीद आहे. हिवाळ्यात सात दिवस दत्तक गावात मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री करमणूक. मी तीन वर्षं कार्यक्रम अधिकारी होते. पहिल्या दोन वर्षी मीच कामांची वाटणी लावली: मुलगे बंधाऱ्यावर, मुली स्वयंपाकाला. त्या गटाला 'अन्नपूर्णा गट' असं छान नावही दिलं. स्वयंपाकाच्या बाबतीत मुलांनी ते ब्रीद फारच मनावर घेतलं होतं. मी नव्हे, तू.

तिसऱ्या वर्षी पहिल्या रात्रीच्या बैठकीत एक मुलगी उठली. भांडायला नव्हे. म्हणाली, "मॅडम, मागच्या वर्षी सात दिवस राहून मी बंधारा पाहिलाच नाही. निघताना ट्रकमधून दिसला. यंदा आपण काय बांधलं ते मला बघायचंय." शाळेच्या वर्गखोलीत पन्नास पोरं सतरंजीवर बसलेली. कुणी हसलं, कुणी खाकरलं. मग मागून एक मुलगा म्हणाला, "चिठ्ठ्या टाका." ही सूचना गंमत म्हणून केली होती हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ती मान्य झाली तेव्हा तो चेहरा कसा उतरला तेही. पहिली चिठ्ठी त्याचीच निघाली: भाकरी.

ज्वारीचं पीठ घेऊन बसलेला विशीतला मुलगा हे मोठं केविलवाणं दृश्य असतं. पीठ ओढ खाईना. थापायला घेतली की कडा फुटत. उचलून तव्यापर्यंत नेईतो भाकरीचे दोन जिल्हे व्हायचे. पहिल्या दिवशी आम्ही जे खाल्लं त्याला भाकरी म्हणणं हा भाषेवर अन्याय ठरेल. शाळेच्या कुंपणाशी गावातल्या बायका जमल्या, पदर तोंडाला लावून हसू लागल्या. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी आजी सरळ आत आली, त्याच्याशेजारी मांडी घालून बसली. "आरं, पिठाला कढत पानी लाव आदी. आन् असा भिऊन काय थापतुयास? कड बोटानं मागं घे. हां." चूल आणि तो मुलगा यांच्यामध्ये ती दोन तास बसून होती. चौथ्या दिवशी त्याची एक भाकरी निखाऱ्यावर टम्म फुगली. अख्खा गट ओरडला. त्यानं ती कुणाला दिली नाही, स्वतः खाल्ली.

तिकडे बंधाऱ्यावर वेगळीच गोष्ट चालली होती. वनराई बंधारा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडव्या रचायच्या. मुली कुदळ-घमेली घेऊन आल्या, तशी मुलं अदबीनं पुढे होऊ लागली. "राहू दे, जड आहे." "तू फक्त शिव." "उन्हात कशाला, सावलीत बस." पहिला दिवस असाच गेला. प्रत्येक मुलीच्या हातातलं घमेलं कुणी ना कुणी सौजन्यानं काढून घेतलं. त्या रात्री, मागच्या वर्षी ट्रकमधून बंधारा पाहिलेल्या त्याच मुलीनं सांगितलं, "उद्या मदत करायची असेल तर साखळीत उभे राहा. माझ्या हातातलं घ्यायचं ते पुढच्याला द्यायला, मला सावलीत बसवायला नको." दुसऱ्या दिवशी साखळी झाली, एक मुलगा एक मुलगी, ओढ्याच्या काठापासून पाण्यापर्यंत. गोणी कुणाची हे विचारायला वेळच राहिला नाही.

सगळं गोड झालं असं नाही. पाचव्या दिवशी एका मुलाचे वडील भेटायला आले, मुलाला तव्यासमोर पाहिलं आणि न जेवता परत गेले. दुसरा एक मुलगा पुढे महिन्याभरानं मला म्हणाला, "मॅडम, भाकरी येते आता, पण आई चुलीपाशी फिरकूच देत नाही. म्हणते, लोक काय म्हणतील." पुढच्या वर्षी कार्यक्रम अधिकारी बदलले आणि अन्नपूर्णा गट परत आला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा चिठ्ठ्या. हे असंच चालतं. बंधाऱ्याच्या गोण्याही दर हिवाळ्यात नव्यानं रचाव्या लागतात.

काही ठिकाणी बाईमाणसाचा हात पोचतच नाही. मुलांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. साडी डेच्या रात्री त्यावर वर्गातल्या मुलींचे फोटो आणि प्रत्येकीला दहापैकी गुण अशी यादी आली. हे मला कळलं ते दोन वर्षांनी, त्या ग्रुपमधला एक मुलगा निरोप समारंभानंतर स्टाफरूममध्ये रेंगाळला तेव्हा. यादी आल्यावर हसण्याच्या चित्रांचा पाऊस पडला होता. यानं दोन शब्द लिहिले: "हे काढ." ग्रुप शांत झाला. मग एकानं विचारलं, "का रे, तुझी कुणी आहे का यात?" मग 'बायल्या' हा शब्द आला आणि तो पुढे वर्षभर त्याला चिकटला. यादी मात्र काढली गेली. त्या रात्री तिघांनी त्याला खासगीत लिहिलं, 'बरं केलंस.'

"ग्रुपवर का नाही लिहिलं त्यांनी?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाले, तू लिहिलंस ना."

त्या यादीतल्या मुलींना आजही काही माहीत नाही. त्याला कुणी शाबासकी दिली नाही, देण्यासारखं कुणाला दिसलंच नव्हतं. मी आठ मार्चला वर्षानुवर्षं व्याख्यानं आयोजित केली. समोर मुली बसायच्या, मुलं हजेरी लावून मागच्या दारानं निघून जायची. व्याख्यान ज्या जागी व्हायला हवं होतं ती जागा, रात्री अकरा वाजता, एका मुलाच्या हाताच्या पंजात होती, आणि तिथे बोलायला तो एकटाच होता. दोन शब्द फार नाहीत. पण ते लिहिताना त्याची बोटं थरथरली होती, असं तो सांगत होता.

व्हरांड्यात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या आमच्या अंतर्गत तक्रार समितीचा फलक आहे. फ्लेक्सवर छापलेली नावं, उन्हानं फिकी झालेली. तिसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीनं सहज त्यावरचा नंबर फिरवून पाहिला, तर फोन कुण्या ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्यानं उचलला. अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव होतं त्या बाई निवृत्त होऊन नातवंडांत रमल्या होत्या. मुलीनं नियम शोधून काढले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे: प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत तीन विद्यार्थी हवेत, पदवीचे, पदव्युत्तर आणि संशोधन करणारे, आणि तेही निवडून आलेले. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. काही मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडू शकतात, हेही तिथे नोंदवलेलं आहे. ती हे कागद घेऊन प्राचार्यांकडे गेली. प्राचार्य वाईट माणूस नव्हेत. त्यांनी वार्षिक अहवाल उघडून दाखवला. तक्रारी: निरंक. "आपल्याकडे तशी प्रकरणंच नाहीत बाळ."

"सर, फोन ट्रॅक्टरवाल्याला लागतो," ती म्हणाली.

फलक बदलला. निवडणूक झाली, जेमतेम चाळीस जणांनी मत दिलं. पुढच्या अहवालात निरंक हा शब्द नव्हता आणि त्याबद्दल बैठकीत काहींची तोंडं आंबट झाली. मला तो अहवाल त्या वर्षातला सगळ्यात प्रामाणिक कागद वाटला.

असे नियम आपोआप उगवत नाहीत. राजस्थानात भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत होत्या. त्यांनी एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला, म्हणून 1992 साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 1997 साली विशाखा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, मग 2013 चा कायदा आला, मग आयोगाची नियमावली आणि तिच्या शेपटाशी आमच्या व्हरांड्यातला फलक. त्याच्याही आधी आमच्या विदर्भातली मथुरा. 1972 साली पोलीस चौकीत तिच्यावर अत्याचार झाला आणि सर्वोच्च न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडून दिलं. तेव्हा 1979 साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्यांपैकी धागमवार पुणे विद्यापीठातल्या. ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला. कॉलेजची पायरी न चढलेल्या दोन बायकांच्या वाट्याला जे आलं, त्यातून कॉलेजातल्या मुलींना आधार मिळाला. त्या फलकावरून जाताना मी आता थांबते. नंबर बरोबर आहे ना, ते पाहते.

निवडणूक झाल्यावर मुलींनी लेडीज रूमचा विषय काढला. एका शनिवारी पंधरा-वीस पोरापोरींनी गठ्ठे उचलून परीक्षा विभागात नेऊन रचले. आरसा माणसाच्या उंचीवर आला. मखराचे खांब एका मुलानं घरी नेले, का ते त्यालाच ठाऊक. प्रश्न उरला किल्लीचा. ऑफिसचं म्हणणं, किल्ली मामांकडेच राहील, लागेल तेव्हा मागून घ्या, वहीत नोंद करा. वही आली. लांबडी. नाव, घेण्याची वेळ, देण्याची वेळ, कारण. तिला बघून माझ्या पोटात कुठेतरी सायकलचं चाक फिरलं. कारणाच्या रकान्यात पहिले काही दिवस मुली लिहीत होत्या: 'डोकेदुखी', 'डबा', 'वैयक्तिक'. मग एकीनं टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'बसायला'. त्यानंतर पानभर तेच, 'बसायला', 'बसायला', खाली-खाली नुसत्या दोन टिंबांच्या खुणा.

मामा पाचला घरी जातात. गाडी आता सव्वासहाला असल्यामुळे मुली थांबतात, आणि खोली नेमकी तेव्हाच बंद. यावर अर्ज झाले, ते ऑफिसात विचाराधीन आहेत. मध्यंतरी एसटी स्टँडसमोर छत्री लावून बसणाऱ्या किल्लीवाल्याकडे कुणीतरी एक पितळी किल्ली घेऊन गेलं आणि वीस मिनिटांत मूळ किल्ली जुडग्यात परत आली, असं माझ्या कानावर आलं. मी अधिक चौकशी केली नाही. परीक्षा संपल्या त्या दिवशी तिघी जणी माझ्या टेबलापाशी आल्या. पेढे होते. जाताना एकीनं माझ्या हातात काहीतरी गार, नवंकोरं ठेवलं. "चार केल्या होत्या मॅडम. आमच्या तीन पुढच्या वर्षीच्या मुलींना दिल्यात. ही तुमच्याकडे असू द्या."

मी ती घराच्या किल्ल्यांच्या कडीत अडकवली. परवा सकाळी जिना चढताना मामा मागून येत होते, त्यांचा जुडगा नेहमीसारखा वाजत होता. जिन्याच्या वळणावर ते थांबले, माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, तुमची पर्स हल्ली खुळखुळतीय."

"घराच्या किल्ल्या, मामा."

"हां, घराच्याच," मामा म्हणाले आणि जिना चढून वर गेले.